खोक्यांच्या लाकडाचं विमान

एखादी गोष्ट खरी असली की ती लगेच, सगळ्यांना, मोठ्याने सांगितलीच पाहिजे, हे तुम्हांला कोणी शिकवलं? मला भाऊंनी शिकवलं. भाऊ म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. धुळ्याला त्यांचा छोटा छापखाना होता, आणि माझ्या लहानपणच्या सगळ्या उन्हाळी सुट्ट्या तिथे पत्रकांच्या घड्या घालण्यात गेल्या. रोलर धुवायच्या रॉकेलचा वास, यंत्राची एकसुरी खटखट, आणि समोर ओल्या शाईच्या कागदांचा ढीग: हुंड्याच्या विरोधात, अंगात येण्याच्या विरोधात, वस्तीच्या नळासाठी, शिष्यवृत्तीच्या अडकलेल्या अर्जांसाठी. आमच्याकडे गोष्टीची पुस्तकं फारशी नव्हती. मी वाचायला शिकले ती छपाईत वाया गेलेल्या कागदांवर. शाळेच्या वह्यांना कव्हरंही त्यांचीच असायची, त्यामुळे माझी गणिताची वही वर्षभर जाहीर निषेध करत असायची. भाऊंचा एक नियम होता. निनावी पत्रक छापायचं नाही. ‘कागदावर नाव हवं, गाव हवं, वार आणि वेळ हवी. ज्याला स्वतःचं नाव लिहायची भीती वाटते त्यानं दुसऱ्याला जागं करायला जाऊ नये,’ असं ते म्हणायचे. मला हा नियम इतका पटला होता, की शाळेत कुणी खोडी काढली तरी मी फळ्यावर खडूने तक्रार लिहायचे आणि खाली माझं पूर्ण नाव.

माझे वडील या बाबतीत भाऊंच्या अगदी उलट. त्यांना सगळे नाना म्हणत, आम्हीही. दीपनगरच्या वीजकेंद्रात ते वर्कशॉपला होते, आणि माझी पहिली आठवण तिथल्या कॉलनीतली आहे: दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर बसलेली राख, पाळी बदलल्याचा भोंगा, आणि दारात उकिडवे बसून एका फळीकडे बघत राहिलेले नाना. परदेशातून यंत्रांचे सुटे भाग येत ते मोठमोठ्या लाकडी खोक्यांतून. भाग बसवले की खोकी मागे पडून राहत आणि मग लिलावात जळणाच्या भावाने जात. नानांनी ती घ्यायला सुरुवात केली. कॉलनीतल्या बायका आईला विचारायच्या, ‘तुमच्याकडे गॅस नाही का हो?’ आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, तिला उत्तरं द्यायची सवय होती. ती म्हणायची, ‘आहे ना. पण यांना लाकडाशी बोलल्याशिवाय जेवण जात नाही.’

नाना खरंच लाकडाशी बोलत असावेत. प्रत्येक फळी रंधून झाली की ते तिच्यावर दौतीच्या शाईचा एक थेंब टाकायचे आणि थांबायचे. शाई लाकडाच्या तंतूंमधून हळूहळू पुढे सरकते. ती फळीच्या कडेला समांतर धावली तर लाकूड सरळ, तिरकी गेली तर फळी बाजूला. खोकंभर लाकडातून दोन-तीन फळ्या निघायच्या. उरलेल्यांचं आमच्याकडे पाट, मांडणी, देव नसलेल्या घरातलं बुद्धाच्या मूर्तीचं स्टँड, असं सगळं झालं. निवडलेल्या फळ्या मात्र पलंगाखाली फडक्यात गुंडाळून राहिल्या. मी विचारलं तर म्हणाले, ‘विमानाच्या आहेत.’ मला वाटलं, विमानातून आल्या आहेत.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत सुट्ट्या साठवून ते एका उड्डाणसंस्थेत जाऊन शिकून आले. परवान्यापर्यंत पोचले नाहीत, पण एकट्याने उडून उतरण्यापर्यंत पोचले. मग त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली, आईची बदली पारोळ्याला झाली, आणि गावाच्या टोकाला आमच्या घरामागे पत्र्याची शेड उभी राहिली. तिच्यात सहा वर्षं ते विमान वाढलं. एका माणसाचं, उघड्या खुर्चीचं, लाकडाचा सांगाडा आणि वर ताणून बसवलेलं कापड. इंजिन भंगारातून आणलेल्या जुन्या छोट्या मोटारीचं. मदतीला रुपचंदआबा, जवळच्या खेड्यातले सुतार, ज्यांनी उभ्या आयुष्यात बैलगाड्या, दरवाजे आणि लग्नाचे पाट याशिवाय काही केलं नव्हतं. नकाशा पहिल्यांदा पाहिला तेव्हा ते म्हणाले, ‘नाना, हाई त मासाना काटा शे.’ खरंच माशाच्या काट्यासारखा दिसायचा तो पंख. त्या दिवसापासून पंखाच्या आडव्या पट्ट्यांना आमच्या घरात फासळ्या म्हणू लागले.

आमच्याकडच्या उन्हाळ्याची ज्याला कल्पना आहे त्याला कळेल की त्या शेडमध्ये दुपारी उभं राहणंही अवघड होतं. दोन डब्यांतला गोंद एकत्र केला की तो आपोआप तापायचा, आणि मे महिन्यात तर लावायच्या आधीच वाटीत दगड व्हायचा. म्हणून चिकटवायचं काम पहाटे. गोंदाची वाटी माठातल्या पाण्यात ठेवलेली, दाराला ओली पोती, आणि नाना, आबा, मी असे तिघं एकमेकांशी न बोलता शिकंजे आवळत असायचो. तोवर अंगणात आईचे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालायचे दिवस आलेले असायचे. ज्वारीचं ते घाटलेलं ऊन पीठ आम्हांला वाटीभर मिळायचं, वर तेल आणि तिखट. गोंदाच्या हाताने खाऊ नका, ही आईची ओरड. दुपारी कळण्याची भाकरी, ठेचा, आणि वांगी स्वस्त असली की भरीत. शिवणयंत्रही चालू असायचं, कारण पंखांचं कापड आईने शिवलं. पंखावर ते चढवून वरून इस्त्री फिरवली की कापड आक्रसून ढोलासारखं ताठ होतं. आई अंगणात पंखाला इस्त्री करत असताना शेजारच्या शेवंताबाई कुंपणापाशी थांबल्या. ‘मास्तरीनबाई, एवढी लांब साडी कोनले नेसाडी ऱ्हायन्यात?’ आईने वर न बघता सांगितलं, ‘जिला उडायचंय तिला.’

या सगळ्यात एक गोष्ट अशी होती, जिच्यामुळे मला हे सगळं लिहावं लागतं आहे. नाना ज्या दिवशी जो जोड चिकटवत त्या दिवशी त्याच वाटीतल्या गोंदाने दोन बोटांएवढे दोन तुकडेही चिकटवून बाजूला ठेवत. त्यांना ते साक्षीदार म्हणत. विमानातल्या तुकड्यावर निळ्या पेन्सिलीने अक्षर आणि आकडा लिहायचा, ब-४ किंवा फ-११ असा, आणि तोच साक्षीदारावर. दुसऱ्या दिवशी सकाळी साक्षीदार शिकंज्यात धरून हातोडीने फोडायचा. फुटताना गोंदाचा जोड उकलला तर विमानातला जोडही बाद, पुन्हा करायचा. जोड टिकला आणि लाकूडच फाटलं तर पास. माझी सकाळ त्या आवाजाने व्हायची. फटकन एक आवाज, मग शांतता, मग आबांची आरोळी, ‘जोड नही तुटना, लाकूड तुटनं! पास!’ फुटलेले सगळे साक्षीदार नानांनी बिस्किटांच्या एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवले होते. मी एकदा म्हटलं, ‘हा कचरा कशाला?’ ते म्हणाले, ‘बाई, विमानाला बोलता येत नाही. त्याच्या वतीने हे बोलले आहेत.’

उड्डाणाच्या परवानगीसाठी दिल्लीला कागद पाठवले होते. उत्तरं यायची, पण प्रत्येक उत्तरात आणखी एक कागद मागितलेला असायचा, आणि तो पाठवला की आधीच्याची मुदत संपलेली असायची. नाना चिडले नाहीत. त्यांनी ठरवलं, एकदाच, गावाबाहेर, कुणाच्या डोक्यावरून न जाता. पाझर तलावाचा तळ एप्रिलपासून कोरडा पडायचा, सिमेंटसारखा कडक आणि सपाट. पाणी येईपर्यंत तो आपला. इंजिनाची चाचणी झाली तेव्हा विमानाची शेपटी दोरखंडाने शेडबाहेरच्या निंबाला बांधली होती. आवाजाने शेवंताबाईंच्या कोंबड्या जिथे पळाल्या तिथून संध्याकाळपर्यंत परत आल्या नाहीत. मग दोन-तीनदा तलावात नेऊन नुसतं पळवून झालं. मेच्या शेवटच्या रविवारी सकाळी, वारा सुटायच्या आत, उडायचं ठरलं. ‘आपण चौघं,’ नाना म्हणाले. ‘आणि कुणी नाही.’ मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते, जळगावला कॉलेजात. मला ते ‘आणि कुणी नाही’ अपमानासारखं वाटलं.

अपमान खरा दुसरीकडेच झाला होता. त्या आठवड्यात मी नानांबरोबर बाजारात स्क्रू घ्यायला गेले होते. दुकानदार ओळखीचा, हसतमुख माणूस. स्क्रू मोजता मोजता बाकावर बसलेल्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, ‘काय नाना, कुठवर आलं इमान? आधी एखादं कपाट तरी सरळ बनवा. उडायचं आम्ही बघू.’ बाकावरचा एक जण म्हणाला, ‘यांच्या वस्तीत उतरायला गच्ची तरी शे का?’ सगळे हसले. नानाही हसले. पुडी खिशात टाकली, म्हणाले, ‘कपाटाला बिजागऱ्या लागतात शेठ, त्या महाग तुमच्याकडे,’ आणि निघाले. मी हसू शकले नाही. ‘वस्ती’ या शब्दात कोण, हे मला कळत होतं, आणि ते त्यांनाही कळत होतं. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात मजकूर तयार झाला होता.

मी शुक्रवारी सकाळच्या एसटीने धुळ्याला गेले. भाऊंनी चष्मा वर करून कागद वाचला. तो मला आजही तोंडपाठ आहे. ‘पाहायला या! आमच्या नानांनी यंत्रांच्या खोक्यांच्या लाकडातून विमान बांधले आहे. ते या रविवारी सकाळी सहा वाजता पाझर तलावाच्या तळावरून आकाशात जाईल. नारळ फुटणार नाही. हार-तुरे नाहीत. पुढारी नाहीत. ज्यांना आमच्या वस्तीत गच्ची नाही म्हणून हसू येते त्यांनी अवश्य यावे व मान वर करून पाहावे.’ खाली निमंत्रक म्हणून नानांचं पूर्ण नाव, घराचा पत्ता. नियमच होता तसा.

‘मजकूर झकास आहे,’ भाऊ म्हणाले. ‘नानाला दाखवलास?’

‘हो,’ मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे क्षणभर बघितलं. ‘काय म्हणाला?’

‘हसले.’

अंधश्रद्धेवर, दांभिकपणावर, खोट्या प्रतिज्ञापत्रांवर मी हजारो कागदांच्या घड्या घातल्या होत्या. माझं पहिलं ठरवून बोललेलं खोटं मी त्याच टेबलापाशी बोलले, आणि तेही सत्याच्या प्रचारासाठी. दुपारपर्यंत एक हजार प्रती निघाल्या. निम्म्या मी धुळ्याच्या स्टँडवर ठेवल्या, ओळखीच्या पेपरवाल्याकडे, शनिवारी येऊन वाटायला. उरलेल्या पारोळ्याच्या बाजारात संध्याकाळी वाटल्या. त्या दुकानदाराच्या हातात मी स्वतः दिली. त्याने वाचली, हसला नाही, आणि मोबाईल काढून तिचा फोटो घेतला. मला वाटलं, जिंकले.

रात्री जेवताना घरात शेवभाजी होती. नाना नेहमीसारखे जेवले. आईने माझ्या ताटात दुसऱ्यांदा वाढलं नाही, हे माझ्या लक्षात आलं आणि मी ते लक्षातून काढून टाकलं. मला नंतर कळलं की त्याआधीच आबा भज्यांची पुडी घेऊन आले होते, आणि पुडीचा कागद माझा होता. तो उलगडून त्यांनी नानांपुढे ठेवला होता. ‘नाना, आते बठ्ठं गाव ई जाई.’ गावच नाही. फोटो गावभरच्या फोनमध्ये फिरून जिथे पोचायचा तिथे पोचला होता, आणि पोलीस ठाण्यातून नानांना फोन आला होता: उद्या साहेब पाहणीला येतील, यंत्र हलवू नये. यातलं मला कुणी काही बोललं नाही. सकाळी मी चहा घेत असताना नाना म्हणाले, ‘तुझं धुळ्याचं काही काम राहिलंय ना? जाऊन ये. उन्हाच्या आत निघ.’ ते मला संकटापासून दूर ठेवत होते, की त्यांना त्या सकाळी मी तिथे नको होते? त्यांच्या मृत्यूपर्यंत मी हे विचारलं नाही. आज तिशी ओलांडल्यावर, माझ्या स्वतःच्या नावाची चार पुस्तकं समोर असताना, मी दोन्ही उत्तरं रोज आलटून पालटून खरी मानते.

तर ज्या वेळी माझ्या वडिलांचं विमान उडालं त्या वेळी मी धुळ्याच्या स्टँडवर उभी राहून लोकांना सांगत होते, की उद्या एक विमान उडणार आहे.

मी अकराच्या सुमारास परत आले तेव्हा शेड उघडी आणि रिकामी होती. जमिनीवर चाकांच्या दोन रेघा दारातून बाहेर गेलेल्या. मी तलावाकडे धावले. विमान तळाच्या मध्यावर उभं होतं, अगदी धड, ऊन पंखावर पडलेलं. शेजारी जीप, चार-पाच गणवेश, आणि पंखाच्या सावलीत मातीवर बसलेले नाना. आबा मला आधी भेटले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते हसत होते, असं मी कुणाला त्याआधी पाहिलं नव्हतं. ‘पोरी, तू कोठे व्हती? उडनं ना ते! तुन्ही माय पंख धरीसन पयनी, मंग सोडी दिन्हा. निंबना झाडना बी वर गयं. दोन फेऱ्या मारनात. बगळा उडनात तयातून, त्यास्ना बरोबर फिरनात नाना.’

मी आईकडे बघितलं. ती थोड्या अंतरावर उभी होती आणि तिच्या पायाशी नानांच्या चपला होत्या. पायात काही असलं की शेपटी वळवायचे पायाखालचे दांडे नीट कळत नाहीत म्हणून त्यांनी त्या काढून ठेवल्या होत्या. ते वर असेपर्यंत आई त्या चपलांजवळून हलली नव्हती. त्या उड्डाणाबद्दल ती पुढे कधीही एवढंच बोलली, ‘मी वर बघितलं नाही गं. मी चपलांकडेच बघत होते.’ म्हणजे आबा सोडले तर नानांचं उड्डाण पाहिलेला माणूस जगात नाही. आबांचा फोन साधा, बटणांचा. फोटो नाही. काही नाही.

साहेब तरुण होते आणि उद्धट नव्हते, हे मला लिहायला हवं, कारण ते उद्धट असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांच्या हातात माझं पत्रक होतं. ‘ताई, तुम्ही यांच्या कन्या का? एरवी गुन्हा शोधायला आम्हांला पायपीट करावी लागते. इथे वार, वेळ, जागा, नाव, पत्ता. इतकं व्यवस्थित निमंत्रण आम्हांला लग्नाचंही येत नाही.’ शिपाई हसले. मग त्यांनी गंभीरपणे विचारलं, ‘हे कुणी छापलं? परवानगी नसताना लोक जमवायचे, एखादं लेकरू पंख्यात सापडलं असतं तर? ज्यानं हे काढलं त्याचं नाव मला लिहावं लागेल.’

मी तोंड उघडलं. हे मी शपथेवर सांगते, मी तोंड उघडलं होतं. पण त्याआधी नाना मातीवरून उठले, हात झटकले आणि म्हणाले, ‘मी. खाली माझंच नाव आहे की. भावाचा छापखाना आहे, मीच छापून घेतलं.’

नाना कधी खोटं बोलत नसत. ज्याने सहा वर्षं रोज सकाळी स्वतःचंच काम हातोडीने फोडून पाहिलं तो माणूस, माझ्याकडे न बघता, एका दमात खोटं बोलला. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. आबांनी पाहिलं. आईने पाहिलं. फळ्यावर खडूने नाव लिहिणारी मी, भाऊंची शिकवलेली मी, तिथे गप्प उभी राहिले. पंचनाम्यात लिहिलं गेलं: ‘सदर पत्रक स्वतः काढल्याचे कबूल केले.’ पंच म्हणून दोन जणांच्या सह्या झाल्या. त्यांतला एक तो स्क्रूवाला दुकानदार होता. विमान उडाल्याचं ऐकून तो पाहायला आला होता, पण उशिरा.

ट्रकवर चढवताना शिपाई पंख ओढू लागले तेव्हा नाना म्हणाले, ‘थांबा, मोडेल,’ आणि खिशातून पाना काढून त्यांनी स्वतः एकेक बोल्ट सोडवून पंख वेगळे केले. बोल्ट एका पिशवीत घालून, पिशवीवर निळ्या पेन्सिलीने काय कुठलं ते लिहून, त्यांनी ती साहेबांच्या हातात दिली. ‘परत बसवताना सोपं जाईल.’ साहेबांनी ती दोन्ही हातांनी घेतली.

परत बसवायची वेळ आली नाही. विमान ठाण्याच्या आवारात उघड्यावर राहिलं, जप्त दुचाकी आणि वाळूच्या ट्रॅक्टरांच्या मधे. आम्ही ताडपत्री टाकायची परवानगी मागितली, तिचा अर्ज आजही कुठल्यातरी फायलीत असेल. एक पावसाळा गेला, दुसरा गेला. मी जळगावहून येता-जाता एसटीच्या खिडकीतून बघायचे. आधी कापड फाटलं, मग पातळ प्लायचे पापुद्रे सुटले, मग फासळ्या दिसू लागल्या. तारखा पडत होत्या. नाना प्रत्येक तारखेला इस्त्रीचा सदरा घालून धुतलेल्या चेहऱ्याने जायचे आणि ‘मीच छापलं’ हे प्रत्येक वेळी पुन्हा सांगून यायचे. त्या काळात त्यांनी हत्यारांना हात लावला नाही. आबा कधी पाट करायला बोलवायचे, तर नाना नुसते बसून राहायचे. रंध्याचा आवाज घरातून गेला, शिवणयंत्राचा गेला, आणि सकाळी फटकन होणारा तो आवाज गेला. मी त्या शांततेत वर्षानुवर्षं लिहीत राहिले, व्यवस्थेवर, नोकरशाहीवर, जातीवर. ते सगळं खरं होतं आणि त्यातलं एकही वाक्य मी मागे घेत नाही. पण प्रत्येक लेखात ‘त्यांनी विमान कुजवलं’ असं मी लिहिलं, आणि ‘मी बोलावलं, मी गप्प बसले’ हे एकदाही लिहिलं नाही.

नाना गेले त्या वर्षी जप्त मालाचा लिलाव झाला. आम्हांला सूचना मिळाली ती लिलाव झाल्यावर. जाण्याच्या थोडे दिवस आधी त्यांनी मला पत्र्याचा डबा काढायला लावला होता. साक्षीदार हातात घेऊन ते त्यांच्या फाटलेल्या कडांवरून बोट फिरवत बसले. मी तेव्हा सांगायला हवं होतं. मी म्हटलं, ‘नाना, ते पत्रक...’ ते म्हणाले, ‘टाकू नको हे,’ आणि डबा माझ्या मांडीवर ठेवला. माफी मागायची वेळ अशी निघून गेली. त्यांनी ती मला मागू दिली नाही, की माझ्याकडून मागवली गेली नाही, हेही मला नक्की सांगता येणार नाही.

मागच्या हिवाळ्यात पाचोऱ्याला गाडी चुकली म्हणून मी स्टेशनबाहेर एका टपरीवर चहा घेत होते. मागच्या मांडणीवर बिस्किटांचे पुडे होते, आणि मांडणीची फळी आमच्याकडच्या लाकडाची नव्हती. पांढरट, सरळ रेघांची. मी टपरीवाल्याला म्हटलं, भाऊ, जरा पुडे उचलता का? त्याला वाटलं, उंदीर दिसला. फळीच्या खालच्या बाजूला निळ्या पेन्सिलीने, नानांच्या अक्षरात, ब-७ लिहिलं होतं. पंखाच्या मुख्य तुळईचा तुकडा. ‘भंगारवाल्याकडून घेतली,’ तो म्हणाला. ‘त्याच्याकडे लई होत्या, कुठं कुठं गेल्या. पण लाकूड मजबूत आहे हो, कीड नाही, बाक नाही.’ घरी येऊन मी डबा उघडला. ब-७चा साक्षीदार त्यात आहे. जोड शाबूत, लाकूड फाटलेलं. पास.

त्या पंचनाम्यात जे खोटं लिहिलं गेलं ते मी इथे दुरुस्त करते आहे. पत्रक मी काढलं. नानांना न विचारता काढलं, भाऊंशी खोटं बोलून काढलं, आणि विचारलं तेव्हा गप्प बसले. याचा आता कुणाला उपयोग नाही. ज्याला झाला असता तो नाही.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुम्ही पाचोरा, पारोळा, धुळे, जळगाव या बाजूला राहत असाल, तर आज घरातली मांडणी, कोंबड्यांच्या खुराड्याचं झाकण, दुकानातली फळी, जे काही पातळ, पांढरट, सरळ रेघांचं लाकूड असेल ते उलटून बघा. निळ्या पेन्सिलीने एखादं अक्षर आणि आकडा दिसला तर त्याच्यावर रंग मारू नका. मला परत नको आहे ते, वापरात राहू द्या. त्याचा फोटोही काढू नका, कुठे टाकू नका, चार लोक जमवू नका. फक्त घरात जे कोणी असेल त्याला जवळ बोलवा, त्या आकड्यावर त्याचं बोट ठेवा, आणि हळू आवाजात सांगा, की ही फळी एकदा निंबाच्या वर गेली होती.